स्टिकरवर 26 वॉट, प्रीहीट, हाय पॉवर फॅक्टर... आणि आत यातलं काहीच नाही: सीएफएलच्या चोकमध्ये झालेली फसवणूक

सीएफएलसाठी इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट, म्हणजे आपण ज्याला चोक म्हणतो तो, घेणार असाल तर आधी हे वाचा. मला ज्याने विकले त्याने दोनदा लुटलं, एकदा चोक देताना आणि नंतर ट्यूब विकताना, आणि त्या दुसऱ्या वेळचा राग अजून जात नाही.

माझ्याकडच्या ट्यूब चार पिनच्या, 26 वॉटच्या, जी24क्यू-3 बेसवाल्या. दोन पिनवालीत स्टार्टर बेसमध्येच असतो आणि ती लोखंडी चोकवर चालते, चार पिनवालीत स्टार्टर नसतो त्यामुळे फिलामेंट, म्हणजे ट्यूबच्या टोकांतली तार, आधी गरम करायचं काम चोकलाच करावं लागतं. म्हणून स्टिकरवर प्रीहीट, म्हणजे हेच आधी गरम करणं, लिहिलेलं बघूनच चोक घेतले. बसवले, लागले पण. फक्त बटण दाबलं की क्षणात पेटायचे आणि उजेड जरा मंद. थोड्याच दिवसात ट्यूबची टोकं काळी पडायला लागली, मग एकेक ट्यूब जायला लागली. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे चोक एकदम ओके आहे साहेब, तुमच्या ट्यूबच हलक्या, व्होल्टेज पण वरखाली होत असेल, या माझ्याकडच्या घेऊन जा. नेल्या. त्याही तशाच काळ्या होऊन गेल्या.

शेवटी एक चोक उघडला. (कुणी उघडणार असेल तर मेन काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास राहू शकतात, रेझिस्टर लावून डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नका.) ट्यूबला समांतर जो कॅपॅसिटर असतो त्याच्यापाशी पीटीसी नावाची छोटी चकती लागते, थंड असताना ती व्होल्टेज दाबून ठेवते आणि तेवढ्या वेळात फिलामेंट तापतं, मग चकती स्वतः गरम झाली की ट्यूब पेटते. बोर्डवर तिची जागा छापलेली होती, चकतीच नव्हती! म्हणजे दर वेळी थंड फिलामेंटवर सरळ हाय व्होल्टेज, त्यावरचा लेप उडतो आणि तोच काचेवर काळा दिसतो. ट्यूब हलक्या नव्हत्याच, याचा चोकच त्या मारत होता आणि हा माणूस मला नव्या ट्यूब विकत होता.

पुढे बघा. ट्रान्झिस्टरवर 13005 छापलेलं, थिनरच्या फडक्याने पुसलं तर शाई निघून आली आणि खाली दुसराच नंबर. कॅपॅसिटर किती उष्णता सोसतो ते लिहिलेल्या 105 डिग्रीवाल्या कव्हरखाली जुनं 85 डिग्रीचं कव्हर. फ्यूजच्या जागी साधी तार. वॉटमीटरवर लावला तर 18 वॉटही भरेनात, म्हणून उजेड मंद.

हाय पॉवर फॅक्टरचं खोटं तर न उघडताच पकडता येतं, स्टिकरवरच हिशोब करा. (पॉवर फॅक्टर म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी किती भाग खऱ्या वॉटमध्ये उतरतो ते.) इनपुट वॉटला व्होल्ट गुणिले अँपिअरने भागायचं. याच्यावर 28 वॉट, 230 व्होल्ट, 0.20 अँपिअर छापलेलं, म्हणजे 0.61 येतो आणि शेजारीच 0.95 लिहिलंय. खरंच 0.95 असता तर करंट 0.13 च्या आसपास लिहिलेला दिसला असता. आत चार डायोड आणि एकच कॅपॅसिटर असेल तर तेवढा फॅक्टर येऊच शकत नाही.

परत द्यायला गेलो तर उत्तर तयार होतं, सील तुटलंय, वॉरंटी गेली. सील झाकणाच्या जोडावरच चिकटवलेलं, म्हणजे आत काय आहे ते बघितलं की हक्क संपला.

काही जण म्हणतात गेलेल्या सीएफएलचा बोर्ड काढून वापरा. चालतो, पण ट्यूबचा करंट जुळला तरच, 18 वॉटच्या ट्यूबला साधारण 0.22 अँपिअर लागतो आणि 26 वॉटच्या ट्यूबला 0.32 च्या आसपास, भलताच लावला तर परत तीच काळी टोकं.

घेताना एकदा लावून दाखवायला सांगा. प्रीहीटवाला चोक अर्धा ते दीड सेकंद थांबून पेटतो, लगेच पेटला तर घेऊच नका. आणि असले चोक आधीच छतात बसवलेले असतील आणि ट्यूबचा बेस तपकिरी पडलेला दिसत असेल तर आजच मेन बंद करून काढा, फ्यूज नसलेल्या बोर्डवर ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की करंट तोडायला आत काहीच नसतं.