मुलांच्या होडीच्या सहलीसाठी ग्रँट मिळाली म्हणून पत्र आलं आणि आम्ही फसलो

परवा दुसऱ्या एका शाळेतल्या बाईंचा फोन आला, त्यांनाही तसंच पत्र आलंय, तोच मजकूर, तीच सही, फक्त रक्कम वेगळी. त्यांनी अजून पैसे भरलेले नाहीत. त्यांना फोनवर सगळं सांगितलं आणि मग वाटलं की हे लिहूनच टाकावं, कारण असं पत्र आणखी किती जणांकडे गेलं असेल देव जाणे.

मी भूगोल शिकवते. खारे वारे, मतलई वारे, भरती-ओहोटी हे सगळं फळ्यावर बाण काढून शिकवून शिकवून मला कंटाळा आला होता, मुलांना तर आलाच होता. मग आम्ही तीन-चार शिक्षक आणि होड्यांची आवड असलेले काही पालक मिळून ठरवलं की २४ मुलांना तीन दिवस शिडाच्या होडीवर न्यायचं. शिडाची दोरी एकदा हातात धरली की वारा फिरला हे पोराला आधी गालावर कळतं आणि मग दोरी ढिली पडल्यावर हातात कळतं, ते पुस्तकात कसं कळणार. पण खर्च मोठा. होड्यांचं भाडं, प्रशिक्षक, सोबत इंजिनाची रेस्क्यू बोट, लाइफ जॅकेट, विमा. निम्म्या मुलांच्या घरून एवढे पैसे येणं शक्यच नव्हतं म्हणून ग्रँट शोधायला लागलो.

प्रस्ताव मी मनापासून लिहिला होता. १९४१ मध्ये वेल्समधल्या अबरडोव्हीला कुर्ट हान यांनी आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा काढली, तरुण खलाशांना समुद्रावर टिकून राहता यावं म्हणून, तिथपासून सुरुवात केली होती. मुलांसाठी ऑप्टिमिस्ट डिंघी का निवडल्या तेही लिहिलं होतं. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये ही होडी मुलांसाठीच डिझाइन केली, लांबी जेमतेम २.३ मीटर, नुसता सांगाडा ३५ किलोच्या आसपास, एक शीड, एकटं मूल चालवू शकतं. आणि तीन पानं फक्त सुरक्षेवर. ज्याला पोहता येतं आणि मदत जवळ आहे त्याला ५० न्यूटनचं (जॅकेट पाण्यात माणसाला किती जोराने वर उचलतं त्याचं माप) जॅकेट चालतं, पण ज्याला पोहता येत नाही त्याला किमान १०० न्यूटनचं लागतं. वारा किती झाला की होड्या पाण्यात उतरवायच्या नाहीत, परत फिरायचा निर्णय कोण घेणार, सगळं.

सहा ठिकाणी अर्ज केले. चार ठिकाणांहून नकार, दोन ठिकाणांहून काहीच नाही. हे मुद्दाम सांगते कारण त्या नकारांनी माणूस आतून मऊ होतो, कुणी जरा बरं बोललं की डोळ्यात पाणी येतं, आणि हे लोक नेमके अशाच वेळी येतात.

आम्ही प्रस्तावाची पीडीएफ शाळेच्या वेबसाइटवर टाकली होती, खाली माझा फोन नंबर. एके दिवशी ईमेल आला, एका नामवंत फाउंडेशनच्या नावाने, की आमच्या टीमने तुमचा प्रस्ताव वाचला आणि आम्हाला तो फार भावला. त्यात माझी वाक्यं जशीच्या तशी होती. मला वाटलं, चला, कुणीतरी नीट वाचलं. आता कळतं की वाचायला काय, ते सगळ्यांसमोर पडलेलंच होतं.

मग फोन. स्वतःला प्रोग्राम ऑफिसर म्हणवणारा माणूस चाळीस मिनिटं बोलला, मृदू आवाज, मला सारखं मॅडम मॅडम. प्रकल्पाचं कौतुक, माझं कौतुक, मुलांचं कौतुक. मी दोनदा रेस्क्यू बोटीचा विषय काढला तर म्हणाला "सेफ्टी तुम्ही बघालच मॅडम, आमचा विश्वास आहे." त्या वेळी मला ते मोठेपणाचं वाटलं. २४ मुलं पाण्यात उतरणार, पैसे देणारा माणूस आणि त्याला किती मुलांना पोहता येतं हा एक प्रश्नसुद्धा पडला नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

अजून एक गोष्ट खटकायला हवी होती. त्यांच्या वेबसाइटवर लिहिलं होतं की त्यांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांना टॉल शिप्सच्या, म्हणजे उंच डोलकाठ्यांच्या मोठ्या शिडाच्या जहाजांच्या, शर्यतीत पाठवलंय, सोबत मोठ्या जहाजाच्या डेकवर उभ्या मुलांचा फोटो. या शर्यती १९५६ पासून चालू आहेत, पहिली टॉर्बे ते लिस्बन झाली होती, आणि त्यातले शिकाऊ खलाशी १५ ते २५ वयाचे असतात. मला हे माहीत होतं हो! प्रस्ताव लिहिताना मीच वाचलं होतं. तरी त्या ओळीवरून माझी नजर सरळ पुढे गेली.

आठवड्याने मंजुरीचं पत्र आलं. लोगो, रेफरन्स नंबर, निळ्या शाईची सही, आणि रक्कम आम्ही मागितली होती त्यापेक्षा वीस टक्के जास्त. शिक्षकखोलीत अक्षरशः टाळ्या वाजल्या. मुलांना सांगून टाकलं. हे सगळ्यात चुकलं कारण एकदा मुलांना सांगितल्यावर मागे फिरायची इच्छाच राहत नाही, आणि त्याला ते बरोबर माहीत असावं, कारण पहिल्याच फोनवर त्याने विचारलं होतं की मुलांना सांगितलं का.

दुसऱ्या दिवशी कळलं की ग्रँट रिलीज व्हायच्या आधी पडताळणी फी भरायची आहे, मंजूर रकमेच्या दोन टक्के, पहिल्या हप्त्यासोबत परत मिळणार, आणि ४८ तासांत भरली नाही तर आर्थिक वर्ष संपतंय म्हणून रक्कम पुढच्या संस्थेला जाणार. खातं कुणा एका माणसाच्या नावावर होतं. मी विचारलं तर म्हणाला आमचे फील्ड ऑफिसर आहेत, त्यांच्याकडूनच सगळं फिरतं. भरले. पालकांनी दर महिन्याला थोडे थोडे करून जे जमवले होते त्यातूनच भरले. मग विम्याचा बाँड म्हणून तीन टक्के. तेही भरले, कारण आता थांबलो तर आधीचे जातील असं वाटत होतं. मग ट्रान्सफर टॅक्स.

पण पैशांपेक्षा जे मला आजही झोपू देत नाही ते वेगळंच आहे. मधल्या काळात त्यांनी एक एक्सेल शीट पाठवली होती, सहभागी मुलांची माहिती भरा म्हणून. नाव, जन्मतारीख, फोटो, पालकांचे मोबाइल, पोहता येतं का, काही आजार आहे का. मला वाटलं, बघा, शेवटी सुरक्षेचा विचार करतायत. रात्री साडेअकरापर्यंत बसून मी स्वतःच्या हाताने २४ ओळी भरल्या आणि पाठवल्या.

तीन आठवड्यांनी पालकांना फोन जायला लागले. तुमच्या मुलीची निवड झाली आहे, तिला दमा आहे ना, तिच्यासाठी खास मेडिकल किट लागेल, डिपॉझिट आजच भरा. दोन घरांनी भरलं. तिसऱ्या मुलीचे वडील शाळेत आले. ते चिडले असते तर सोपं गेलं असतं. हातात टोपी घेऊन दारातच उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, माझ्या पोरीला दमा आहे हे त्यांना कुणी सांगितलं?" मला उत्तर माहीत होतं. मी खुर्चीवरून उठूच शकले नाही.

त्याच संध्याकाळी, जे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. ईमेलमधली लिंक न वापरता त्या फाउंडेशनची खरी वेबसाइट स्वतः शोधून तिथल्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या ताईंनी माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि सांगितलं की या नावाची व्यक्ती आमच्याकडे नाही, आणि आम्ही अर्जदाराकडून कुठल्याही टप्प्यावर कसलेच पैसे घेत नाही. त्यांच्या खऱ्या पत्त्यात आणि आम्हाला आलेल्या पत्त्यात फरक होता फक्त एका आडव्या रेघेचा आणि मागे जोडलेल्या 'ग्रँट्स' या शब्दाचा. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कधी रजिस्टर झालं हे कुणालाही फुकट बघता येतं, हूइज म्हणतात त्याला. संस्था म्हणे वीस वर्षं जुनी आणि डोमेन सात आठवड्यांचं. डेकवरचा तो फोटो इमेज सर्चमध्ये टाकला तर भलत्याच एका जहाजाच्या पानावर सापडला. एवढं सगळं शोधायला मला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

रात्रीच बँकेच्या फ्रॉड हेल्पलाइनला फोन केला आणि सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. तिसरा हप्ता त्याच दिवशी सकाळी गेला होता म्हणून तो अडवता आला, आधीचे दोन गेले ते गेले. असं काही झालं तर लाज वाटते म्हणून एक दिवससुद्धा थांबू नका, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता आले तरच थांबतात. चॅट, पत्रं, ट्रान्सफरच्या पावत्या काहीही डिलीट करू नका, मी रागाने अर्धं चॅट उडवलं आणि मग तपासात तेच लागलं. आणि हो, पंधरा दिवसांनी एका वकिलाचा मेसेज आला की तुमचे गेलेले पैसे आम्ही परत मिळवून देतो, फक्त थोडी फी. ती बहुतेक तीच माणसं किंवा त्यांनी आमचा नंबर ज्यांना विकला ती. त्याला उत्तरही दिलं नाही.

पालकांची सभा घेतली आणि सगळं सांगितलं, यादी मीच पाठवली हेही. ज्या दोन घरांनी डिपॉझिट भरलं होतं त्यांचे पैसे आम्ही शिक्षकांनी मिळून दिले. सगळ्यांना सांगितलंय की मुलाच्या आजाराचं नाव घेऊन कुणीही फोन केला, अगदी माझं नाव सांगून केला, तरी आधी शाळेत येऊन विचारा. मुलांची नावं आणि आजार आता फक्त कागदावर, मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटात. कुणाला पाहिजे असेल तर आम्ही फक्त आकडे देतो, २४ मुलं, त्यातल्या ९ जणांना पोहता येत नाही, एवढंच.

आता नव्याने एका ठिकाणी अर्ज केलाय, तिथला नंबर आधी स्वतः पडताळून. त्यांच्याकडून मंजुरी नाही, तीन पानांचे प्रश्न आलेत. ज्या ९ मुलांना पोहता येत नाही ती कुठल्या होडीत बसणार आणि सोबत कोण? रेस्क्यू बोट चालवणाऱ्याचं प्रशिक्षण किती? एकाच वेळी दोन होड्या उलटल्या तर? दुसऱ्या दिवशी दुपारी वारा १६ नॉटच्या (ताशी साधारण ३० किलोमीटर) वर गेला तर मुलं काय करणार? एका प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं म्हणून रविवारी प्रशिक्षकांना भेटायला जातेय. नववीतल्या मुलांनी मात्र वर्गातल्या मागच्या बाकाला एक दोरी बांधून ठेवलीय, मधल्या सुट्टीत बोलाइनची गाठ मारायची शर्यत लावतात.