'घर'चा 'छळ' झाला: कुलूपबंद नोंदींच्या ॲपने कसं फसवलं

गोपनीय नोंदी ठेवण्याच्या एका ॲपची वर्षभराची वर्गणी मी आगाऊ भरली होती. जाहिरातीत 'लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन' (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं मजकुराचं रूपांतर) असं ठळक अक्षरांत होतं, आणि खाली 'आमची पद्धत गुप्त असल्यामुळे ती कोणालाच फोडता येत नाही' असंही. खाते क्रमांक, पासवर्ड, कुठला कागद कुठे ठेवलाय त्याची टिपणं, सगळं त्यात गेलं. आत काय चाललंय ते फोन बदलताना कळलं.

बॅकअपची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली तर समोर देवनागरीतला गिचमिड मजकूर. पण त्या गिचमिडीलाही शिस्त होती. शब्दांमधल्या मोकळ्या जागा जिथल्या तिथे. आकड्यांना हातही लावलेला नाही, म्हणजे खाते क्रमांक उघडेच. जिकडे तिकडे उकार. आणि मध्येच ॐ, पुन्हा ॐ. माझ्या नोंदींत एवढा भक्तिभाव नक्कीच नव्हता.

मग ॲपमध्ये एक नवी नोंद केली, नुसती 'क ख ग'. फाइलमध्ये ती 'घ ङ च' अशी उतरली. संपलं. प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकवलेलं.

हीच युक्ती ज्युलियस सीझर वापरायचा, असं सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने लिहून ठेवलंय. तीही तीनच घरांची. फरक एवढाच, की संगणक वर्णमालेऐवजी युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीच्या, क्रमाने मोजतो. त्या क्रमात र नंतर ऱ, ल, ळ येतात आणि काना, मात्रा, हलन्त यांनाही स्वतःचे क्रमांक असतात. म्हणून 'घर'चं 'छळ' होतं, 'नाव'चं 'फुस'. कान्यापासून तीन घरांवर ऱ्हस्व उकार, आणि जोडाक्षरात दडलेल्या हलन्तापासून तीन घरांवर चक्क ॐ. 'पत्ता' लिहिलात तर 'भधॐधु'. माझ्या सगळ्या जोडाक्षरांचं असं पावित्र्य वाढलं होतं.

चाचणीची नोंद करता आली नसती, नुसती फाइल चोराच्या हाती लागली असती, तरी काही अडलं नसतं. रोमन लिपीत सरकवण्याचे फक्त 25 प्रकार असतात; युनिकोडच्या देवनागरी पट्ट्यात 128 जागा, म्हणजे फार तर 127. संगणक ते सगळे क्षणात करून बघतो, आणि ज्यात मराठी दिसेल ते खरं. तेवढेही कष्ट नकोत तर मोजणी करा. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने हे लिहून ठेवलं: मजकुरात कुठलं चिन्ह किती वेळा येतं ते मोजायचं आणि त्या भाषेच्या सवयीशी ताडून बघायचं. मराठीत काना सतत येतो. माझ्या फाइलीत सतत येत होता तो उकार. दोघांतलं अंतर तीन, आणि हीच किल्ली.

मोठ्या आकड्यांनाही भुलू नका. रोमन लिपीतल्या 26 अक्षरांची मनमानी अदलाबदल केली, तर 4 वर 26 शून्यं एवढ्या किल्ल्या होतात. जाहिरातीत छापायला झकास. पण अक्षरांची वारंवारिता तशीच राहते, म्हणून मजकूर पुरेसा लांब असला तर तोही मोजणीने सुटतो.

सर्वांत संताप आला तो पुढच्या गोष्टीचा. ॲपचा पासवर्ड बदलला आणि बॅकअप पुन्हा काढला. फाइल अक्षरशः तीच. म्हणजे पासवर्ड होता तो फक्त पडदा उघडायला. मजकूर बंद करण्याशी त्याचा काही संबंधच नव्हता. कुठल्याही ॲपची फाइल उघडून बघता येत असेल तर ही परीक्षा जरूर घ्या. पासवर्ड बदलूनही अख्खी फाइल अक्षरशः जशीच्या तशी राहिली, किंवा 'ककककक' लिहिल्यावर तिथे एकच अक्षर ओळीने दिसलं, तर वर्गणी भरू नका.

पैसे परत मागितले. उत्तर आलं, 'पद्धत गुप्त आहे, तीच आमची सुरक्षा.' 1883 मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स या गुप्तलिपीच्या अभ्यासकाने नेमकं उलट मांडलं होतं: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त राहायला हवी ती किल्ली. आज बँका वापरतात ती एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत 2001 पासून जगजाहीर आहे. पद्धत लपवण्यावर भिस्त ठेवणारे मात्र कमी नाहीत. सिसिलीचा माफिया म्होरक्या बेर्नार्दो प्रोव्हेन्झानो 2006 मध्ये पकडला गेला, तेव्हा त्याच्या चिठ्ठ्यांत 'ए'साठी 4, 'बी'साठी 5 असले आकडे सापडले. पुन्हा तीन घरं.

पैसे परत मिळाले नाहीत. तक्रारीनंतर ॲपची 'अधिक मजबूत' आवृत्ती मात्र आली. 'घर' लिहून बघितलं. आता 'टष' येतं. मोजून घ्या, सात घरं.