दहा मीटरची लाँग लीश: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि मुख्यतः तिच्या हुकाबद्दल

लाँग लीश म्हणजे कुत्र्याला मोकळ्या जागेत हाकेला यायला शिकवताना लावायचा लांब पट्टा, टोकाच्या हुकाने कुत्र्याला अडकवायचा. माझ्या लीशची पट्टी शाबूत, शिलाई शाबूत, पण हुकाची खिट्टी अर्धवट उघडी अडकली ती परत मिटेना. तक्रार केल्यावर उत्तर आलं की हुक हा ‘झिजणारा भाग’ आहे, वॉरंटीत बसत नाही. मोकळ्या जागेत कुत्रा आपल्या ताब्यात राहतो तो या बोटभर धातूच्या जोरावर, आणि नेमका तोच वॉरंटीबाहेर. हे मला अजिबात पटलेलं नाही.

बहुतेक लीशना अंगठ्याने मागे ओढायच्या खिट्टीचा हुक येतो. तो झिंकच्या ओतीव धातूचा असेल तर सावकाश ताण सोसतो, पण झटक्याने तडकू शकतो. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. त्यातही आतली स्प्रिंग साध्या पोलादाची असू शकते आणि गंज तिथून सुरू होतो. दुसरा त्रास मातीचा. कुत्रा पाठीवर लोळला की बारीक वाळू थेट खिट्टीच्या खाचेत जाते. तेल घालू नका, तेलाला वाळू आणखी चिकटते. साध्या पाण्यात बुडवून खिट्टी दहा-बारा वेळा मागेपुढे करा, झटका आणि पूर्ण वाळवा. बाहेर पडण्याआधी एकदा उघडून सोडा. टक् आवाज करत लगेच मिटली तर ठीक, रेंगाळली तर तो हुक फेकून द्या. हुकाच्या मानेपाशी फिरणारी कडी असते, तीही बघा. ती जाम झाली की लीशला पीळ पडतो, झिजून डुगडुगायला लागली की एक दिवस निसटते.

पैसे वाचवायचे असतील तर शिवलेल्या हुकाची लीश घेऊ नका, कारण हुक गेला की अख्खी लीश गेली. गाठीने किंवा स्क्रूने बसवलेला हुक काही मिनिटांत बदलता येतो. स्क्रू मात्र ढिले होतात, ते अधूनमधून आवळावे लागतात. गुबगुबीत मुठीसाठी जादा पैसे मोजू नका. लीश जमिनीवर सोडल्यावर मुठीचा फासा मुळांत, दगडांत अडकतो, त्यामुळे शेवटी तो कापावाच लागतो.

सुरुवातीला माझं मत सुती लीशच्या बाजूने होतं, कारण तिची हातात पकड छान बसते. पावसात ते बदललं. सुती पट्टी पाणी पिऊन जड होते, वाळता वाळत नाही आणि कुबट वास धरते. नायलॉन लवकर वाळतं, पण हातातून सरकलं तर तळहात भाजतो. प्लास्टिकचं आवरण असलेली पट्टी थोडी जड असते, पण फडक्याने पुसली की स्वच्छ. आता माझी पसंती तिलाच. लांबीबद्दलही तसंच झालं. दहा मीटर सांभाळायला नको वाटतात, पण पाच मीटरवर कुत्रा हुंगायला लागेपर्यंत लीश संपते.

लीश कॉलरला कधीच लावू नका. दहा मीटर धावत सुटलेल्या कुत्र्याचा सगळा वेग मानेवर येतो, आणि वेग दुप्पट झाला की झटक्यातली ऊर्जा चौपट होते. हार्नेसच्या, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्याच्या, पाठीवरच्या कडीला लावा. मनगटाला गुंडाळू नका, हातमोजे घाला, आणि कुत्रा सुटला तर हातातून सरकू देत हळूहळू आवळा.

एवढा खटाटोप हाकेला येणं शिकवण्यासाठी. लीश स्वतः काही शिकवत नाही. हाक ऐकूनही पळत राहणं हेच कुत्र्यासाठी बक्षीस असतं. ते त्याला मिळू न देणं एवढंच लीशचं काम. त्यामुळे तिने ओढून आणू नका. हाक एकदाच मारा. आला नाही तर पुन्हा पुन्हा ओरडू नका, आपण जवळ जा, अंतर कमी करून परत सोपं करा. सुरुवात घरात दोन पावलांवर, मग अंगणात, मग मोकळ्या जागेत. आला की लगेच, पायाशीच खाऊ द्या. खाऊ देण्याआधी दुसऱ्या हाताने कॉलरला स्पर्श करा. ही पायरी लोक गाळतात, म्हणून कुत्रा जवळ येतो आणि हातभर अंतरावरून सटकतो. दहापैकी आठ वेळा खाऊनंतर ‘जा’ म्हणून परत सोडा. फिरणं संपवायलाच हाक मारली तर हाक म्हणजे मजा बंद, हे तो पटकन शिकतो.

हे जमलं की फायदा रोजचा असतो. कुत्रा मनसोक्त हुंगतो, लहान पट्ट्यावरची ओढाताण कमी होते, फाटक उघडं राहिलं तरी तो हाकेवर मागे फिरतो.

लीश काढायची घाई करू नका. आधी ती जमिनीवर घसटत राहू दे, आणि सायकली, मांजरं, दुसरे कुत्रे दिसत असतानाही तो पहिल्या हाकेला येतो का ते पाहा. दुसऱ्या कुत्र्यांशी खेळताना मात्र ती काढा, पाय गुंततात. म्हणजे खेळ कुंपणाच्या आतच हवा. शिकारीची ओढ जबर असलेल्या काही कुत्र्यांना उघड्यावर ती कायमच लागते. त्यांच्यासाठी दोन जादा हुक घेऊन ठेवा.