बायोपेलेट की व्हिनेगर? खाऱ्या टाकीतलं नायट्रेट उतरवताना

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरमागे मिलीग्रॅम) खाली यायला तयार नाही, काच पुसली की दुसऱ्या दिवशी परत हिरवी, आणि ओळखीतला कुणीतरी सांगतोय, "बायोपेलेट लाव, सुटशील." अशा वळणावर आलेल्यांसाठी हे लिहितोय. माझ्या पुण्यातल्या ३०० लिटरच्या रीफ (प्रवाळांच्या) टाकीवर मी आधी पेलेट चालवले, नंतर व्हिनेगरवर आलो. मित्राच्या ७०० लिटरच्या टाकीवर आजही पेलेटच आहेत आणि त्याचं उत्तम चाललंय.

दोन्हींचं काम एकच, जिवाणूंना कार्बन खायला घालायचं. उरलेलं खाणं आणि माशांची विष्ठा यांतून नायट्रेट-फॉस्फेट भरपूर येतं, कमी पडतो तो कार्बन. तो मिळाला की जिवाणू फोफावतात, वाढताना दोन्ही गोष्टी अंगात घेतात आणि स्किमर (पाण्याचा फेस करून घाण उपसणारं यंत्र) त्यांना फेसाबरोबर कपात आणून टाकतो. म्हणून पहिला प्रश्न स्किमरचा. तो मरतुकडा असेल तर पेलेटही नको आणि व्हिनेगरही नको. आधी त्यावर पैसे घाला. वाढलेले जिवाणू ऑक्सिजनही खातात, आणि एप्रिल-मेमध्ये पाणी तापलं की मुळात तो कमीच विरघळलेला असतो.

फरक आहे तो कार्बन कसा पोचतो यात. व्हिनेगर पाण्यात मिसळतं आणि टाकीभर पसरतं. पेलेट म्हणजे जिवाणूंना पचणाऱ्या प्लास्टिकचे दाणे, बहुधा पीएचए जातीचे. काही जिवाणू स्वतःच्या अंगात चरबीसारखं साठवून ठेवतात त्याच प्रकारचे. दिसायला भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. ते रिअ‍ॅक्टरच्या नळकांड्यात भरायचे, खालून पंपाचं पाणी सोडायचं आणि सतत घुसळत ठेवायचे. घुसळण मंदावली की जिवाणूंच्या बुळबुळीत थराने दाणे एकमेकांना चिकटतात आणि पाणी कमी पडलेल्या खिचडीसारखा गच्च गोळा होतो.

त्या गोळ्याचीच गोष्ट सांगतो. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. संपमधलं (टाकीखालच्या पेटीतलं) पाणी वर टाकीत सोडणारा रिटर्न पंप इन्व्हर्टरवर होता, रिअ‍ॅक्टरचा पंप नव्हता. ही चूक माझीच. पाचेक तासांनी वीज आली, पंप आपोआप सुरू झाला आणि संपमधून सडक्या अंड्याचा वास सुटला. बंद नळकांड्यातला ऑक्सिजन संपला की जिवाणू सल्फेटकडे वळतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतं. ते टाकीत शिरलं तर मासे दगावतात. माझे वाचले, कारण त्या दिवशी घरी होतो आणि लगेच प्लग ओढला. असं तुमच्याकडे झालं तर पंप बंद ठेवा, रिअ‍ॅक्टर सोडवून त्यातलं पाणी मोरीत ओता, दाणे टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्याने धुवा आणि मगच जोडा. व्हिनेगरला हा धोका नाही. वीज गेली तर त्या दिवशीचा डोस चुकवायचा, बस्स.

आता आकडे. जिवाणूंच्या अंगात नायट्रोजन आणि फॉस्फरस साधारण रेडफील्डच्या प्रमाणात जातात, म्हणजे अणूंच्या हिशेबात १०६ कार्बनला १६ नायट्रोजन आणि १ फॉस्फरस. टेस्ट किटच्या भाषेत, १० पीपीएम नायट्रेट उतरताना फॉस्फेट फार तर १ पीपीएम उतरेल. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण ऑक्सिजन नसलेल्या कोपऱ्यांत काही नायट्रेट नायट्रोजन वायू होऊन उडून जातं. म्हणून दोन्ही किट समोर ठेवून निर्णय घ्या. नायट्रेट ४० आणि फॉस्फेट ०.१ असेल तर दोन्हींपैकी कोणताही मार्ग चालतो, फक्त फॉस्फेट आधी शून्याला टेकत नाही ना, हे बघत राहायचं. नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.८ असेल तर नायट्रेट संपेल आणि फॉस्फेट बरंचसं उरेल. तिथे फॉस्फेट शोषणारे आयर्न ऑक्साइडचे दाणेच लागतात, कार्बन घालून उपयोग नाही.

दोन्ही शून्यावर आणणं म्हणजे यश, असं नवख्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. शून्यावर गेलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट (सूक्ष्म एकपेशीय जीव) डोकं वर काढतात. वाळूवर आणि दगडांवर बुडबुडे अडकलेला तपकिरी चिकट पडदा दिसला की समजा ते आले, आणि ते घालवण्यापेक्षा नायट्रेट सोपं होतं असं वाटायला लागतं. ५ ते १० नायट्रेट आणि ०.०३ ते ०.१ फॉस्फेट दिसलं की मी हात आवरता घेतो.

हात आवरता घेणं व्हिनेगरमध्ये सोपं आहे. ३०० लिटरला रोज २-३ मिलीपासून सुरुवात करायची आणि दर आठवड्याला थोडं वाढवायचं. पाणी दुधाळ झालं तर दोन दिवस थांबायचं. पेलेट मात्र तुमचं ऐकत नाहीत. नायट्रेट संपलं तरी दाणे कार्बन सोडतच राहतात, आणि रिअ‍ॅक्टरचं पाणी जिथे पडतं तिथे लालसर सायनोची (सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंची) चादर पसरते. बाहेर येणारी नळी स्किमरच्या तोंडाशी नेली की हे बरंच आटोक्यात येतं. सुरुवातही पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने करावी. जिवाणू बसायला चार ते आठ आठवडे लागतात, आणि काही होत नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात दाणे वाढवणारा सहाव्या आठवड्यात पस्तावतो.

मग पेलेट घ्यायचे कुणी? ज्याची टाकी मोठी, मासे खादाड आणि भरपूर, स्किमर दणकट, आणि जो महिन्यातले दहा दिवस घरी नसतो, त्याने. मित्र फिरतीच्या नोकरीत आहे. रोज मिली मोजणं त्याला जमणारच नाही. त्याचा रिअ‍ॅक्टर इन्व्हर्टरवर आहे, दाणे संपत येतील तसे दोन-चार महिन्यांनी तो मूठभर टाकतो. व्हिनेगरसाठी डोसिंग पंप घेतला तर हा फायदा उरत नाही, पण मग तोही खर्च आलाच.

खर्चात तुलनाच नाही. रिअ‍ॅक्टर, पंप आणि परदेशी दाणे यांना हजारो रुपये लागतात. व्हिनेगर किराणा दुकानात मिळतं. बिनरंगी, कुठलाही स्वाद न घातलेलं साधं घ्या आणि लेबलवर आम्लता ४ टक्के आहे की ५, ते पाहून डोस धरा. काही जण व्होडका वापरतात. तिचा १ मिली म्हणजे व्हिनेगरचा साधारण ८ मिली, त्यामुळे मोजताना हात थरथरला तरी फरक पडतो. शिवाय महाराष्ट्रात कायद्याने दारूला परमिट लागतं. माशांच्या नावाने परमिट काढलेला मला तरी अजून भेटलेला नाही.

संपमध्ये जागा असेल तर दोन्हींच्या आधी कीटोचा विचार करा. हिरव्या तारांच्या गुंत्यासारखं हे शेवाळ, रात्री दिवा लावायचा आणि वाढलं की ओंजळभर उपटून टाकायचं. काम सावकाश होतं, पण वीज गेली म्हणून कुणी मरत नाही आणि रात्री पीएच घसरत नाही. माझ्या संपमध्ये जागा नव्हती, एवढंच.

आणखी एक. आपल्याकडे दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून माझ्या टाकीत लेदर, झोअँथिड आणि मश्रूम हे दगडी सांगाडा नसलेले प्रकार, एवढंच. यांना थोडं मळकट पाणी मानवतं. अति स्वच्छ पाण्यात माझं लेदर आठ दिवस मिटून बसलं होतं. परदेशात राहून अ‍ॅक्रोपोरा (फांद्यांचं दगडी प्रवाळ) पाळणाऱ्यांनी पेलेट किंवा व्हिनेगर चालू असताना अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, डीकेएचमध्ये मोजतात) ७ ते ८.५ डीकेएचच्या आसपास ठेवावी. ती चढी आणि पाण्यात खाद्य नाही, अशी जोडी जमली की फांद्यांची टोकं जळतात.

रिअ‍ॅक्टर मी विकला नाही. फॉस्फेट चढलं की त्यात आयर्न ऑक्साइड भरतो. ते दाणे पेलेटसारखे घुसळायचे नाहीत, घासून त्यांचा चुरा होतो आणि टाकी तांबडी दिसते. उकळी यायच्या आधी दुधावरची साय हलते, तेवढीच वरच्या थराची हालचाल दिसली की नळ तिथेच सोडायचा.