भुवन हवा की कबीर खान?

ढोल पथकाचा सराव सुरू झाला की गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, दरवर्षी आमचा हा वाद रंगतो. पथकप्रमुख 'लगान'मधल्या भुवनसारखा असावा की 'चक दे! इंडिया'मधल्या कबीर खानसारखा?

भुवनची जादू कबूल. कचऱ्याला संघात घ्यायला गाव नकार देतं, तेव्हा हा एकटा सगळ्यांसमोर उभा राहतो. असा माणूस असला की लोक कामधंदा टाकून मागे येतात. आमचंही पथक अशाच एका ताशेवाल्यामुळे उभं राहिलं. पण शेवटच्या चेंडूवरचा षटकारही भुवनच मारतो. (तो चेंडू त्याच्या वाट्याला आला तो आधीच्या नो-बॉलवर कचऱ्याने काढलेल्या एका धावेमुळे, हे कुणाला आठवत नाही.)

कबीर खान मैदानाबाहेर. पोरी ओळख सांगताना राज्याचं नाव घेतात, तो एकेकीला बाजूला काढतो. एकमेकींना पास न देणाऱ्या कोमल आणि प्रीतीला तो एकत्र खेळायला शिकवतो. अंतिम सामन्यात त्याच्या हातात काठी नसते, खेळतात त्या १६ जणीच.

माझं मत कबीर खानला. गेल्या वर्षी ऐन मिरवणुकीत आमचा तो ताशेवाला तापाने फणफणला आणि ४० ढोल गप्प झाले. ढोल वाजवायची काठी, टिपरू, हातात, नजर मोकळ्या जागेकडे. तो क्षण अजून सलतो. यंदा ताशा चौघांना शिकवतोय. शिकवतोय तोच, कडेला उभा राहून, ताशाला हात न लावता.