बॅगेचा व्हॅक्यूम क्लीनर की डब्याचा? नागपुरातल्या घरासाठी निवड करताना

व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला गेलं की आपण आधी वॅट विचारतो, मग किंमत. मशीनच्या पोटात जमलेली धूळ शेवटी बाहेर कशी काढायची, हे सहसा कुणी विचारत नाही. माझं ठाम मत आहे की धूळ बॅगेत साठवणारं मशीन घ्यावं की डब्यात साठवणारं, याचं उत्तर त्याच प्रश्नात आहे. चांगल्या प्रतीची दोन्ही मशीनं धूळ जवळपास सारखीच ओढतात. फरक कळतो मशीन भरल्यावर: ते कोण रिकामं करणार, घरात की बाहेर, आणि त्या वेळी किती धूळ नाकात जाणार.

दोन्ही रचना मुळात दोन वेगळ्या तक्रारींतून आल्या. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँग्लर नावाचे गृहस्थ एका मोठ्या दुकानात झाडलोट करत. त्यांना दमा होता आणि झाडताना उडणारी धूळ सोसवत नव्हती. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ धरायला उशीचा अभ्रा, असं यंत्र त्यांनी जुळवलं. १९०८ साली त्याचं पेटंट मिळालं आणि पुढे त्यावरच हूवर कंपनी उभी राहिली. कित्येक दशकांनी इंग्लंडमध्ये जेम्स डायसन यांची तक्रार निराळी होती: बॅगेची छिद्रं धुळीने बुजतात आणि मशीनची ओढ कमी होते. लाकडाच्या गिरणीत हवा गोल फिरवून भुसा वेगळा करणारं सायक्लोन यंत्र त्यांनी पाहिलं आणि ते तत्त्व घरच्या मशीनमध्ये आणण्यासाठी ५,१२७ नमुने बनवले. म्हणजे बॅग आली धूळ कोंडून ठेवायला आणि डबा आला ओढ टिकवायला. तुमच्या घराची तक्रार यातली कोणती, ते आधी ठरवा.

आपल्याकडची धूळ

परदेशातले आढावे वाचून मशीन ठरवणाऱ्यांना एक सांगणं आहे. तिथे गालिचे जास्त, इथे फरशी. नागपुरात जमीन झाडूनेच झाडली जाते आणि वर पोछा मारला जातो. व्हॅक्यूम लागतो तो सोफा, गाद्या, पडदे, मच्छरांच्या जाळ्या, सरकत्या खिडक्यांच्या खाचा आणि पंख्यांसाठी. त्यामुळे मशीनमध्ये जाणारा कचरा वजनाने कमी, पण फार बारीक असतो.

तो इतका बारीक का, हे उन्हाळ्यात कळतं. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की खिडकीतला कूलर दिवसरात्र बाहेरची हवा आत ओढतो. ओल्या ताट्या थोडी धूळ अडवतात, बाकीची घरात येते. ताट्यांमधली घास जुनी झाली की तिचेही कण उडतात. त्यात मे महिन्यातली संध्याकाळची आंधी. बेसा, मनीषनगर, वर्धा रोडकडे जिथे सतत बांधकाम चालू असतं तिथे सिमेंटची भुकटी, आणि कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यांना वीज केंद्रांची राख. जाड वाळू कुठलंही मशीन पकडतं. पिठासारख्या या धुळीपुढे मात्र दोन्ही प्रकारांची परीक्षा होते.

बॅग

बॅगेच्या मशीनमध्ये बॅग हाच पहिला फिल्टर असतो. हवा बॅगेच्या भिंतींतून गाळून पुढे जाते, धूळ आत राहते. चांगली बॅग न विणलेल्या कृत्रिम कापडाच्या अनेक थरांची असते. कागदी बॅग स्वस्त पडते, पण लवकर बुजते आणि पावसाळी हवेत नरम होऊन फाटूही शकते. बॅग भरली की तोंडावरचं झाकण सरकवायचं, अख्खी काढायची आणि टाकून द्यायची. धूळ डोळ्यांनाही दिसत नाही. दमा, ॲलर्जिक सर्दी किंवा बारकं बाळ असलेल्या घरात या एका गोष्टीचं मोल इतकं आहे की बाकीचे सगळे मुद्दे मी बाजूला ठेवीन.

कमतरता खऱ्याच आहेत. बॅग भरत जाते तशी ओढ कमी होते, आणि बारीक धुळीने तर अर्धी भरलेली बॅगही बुजते. खाण्याचे कण आत गेले असतील तर जुलै-ऑगस्टमध्ये बॅग वास मारते, झुरळांनाही आमंत्रण मिळतं. आणि बॅग संपली, दुसरी मिळाली नाही, तर मशीन कपाटावर जाऊन बसतं.

इथे एक सावधगिरी. आपल्या बाजारात बॅगेचं म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक मशीनमध्ये कापडी किंवा नायलॉनची, पुन्हा पुन्हा वापरायची बॅग येते. विक्रेता सांगतो, "बॅगेचा खर्चच नाही." ही बॅग झटकून रिकामी करावी लागते. तिची वीण सैल असते, म्हणून सगळ्यात बारीक धूळ तिच्यातून निसटून मोटरकडे आणि मागच्या जाळीतून परत खोलीत येते. बॅगेचा फायदा कोंडण्याचा, तोच इथे उरत नाही, आणि डब्याची सोयही मिळत नाही. अशा मशीनला टाकाऊ बॅग बसत असेल तर ती लावा. बसत नसेल तर त्यापेक्षा सरळ डब्याचं मशीन घ्या.

डबा

डब्यात हवा वेगाने गोल फिरते. खळ्यावर धान्य उफणताना दाणे जवळ पडतात आणि भुसा दूर उडतो, तशीच वजनावरून वाटणी इथे होते: जड कण भिंतीवर आपटून खाली बसतात, हलके हवेबरोबर फिल्टरकडे जातात. महाग मशीनमध्ये छोट्या शंकूंची दुसरी रांग असते, ती आणखी बारीक धूळ वेगळी करते. स्वस्त मशीनमध्ये एकच भोवरा असतो. तिथे सिमेंट, राख, रांगोळी, कणीक हे सगळं थेट फिल्टरवर जाऊन बसतं. त्यामुळे "ओढ कधीच कमी होत नाही" ही जाहिरात स्वस्त डब्याला लागू पडत नाही. बॅगेत छिद्रं बुजतात, इथे फिल्टर बुजतो.

फिल्टर धुणं हे डब्याच्या मशीनचं खरं काम. साध्या पाण्याने धुवायचा आणि पूर्ण, अगदी पूर्ण वाळवायचा. बहुतेक कंपन्या २४ तास सांगतात. आपल्या उन्हाळ्यात सावलीत तो त्याआधीच वाळतो, पावसाळ्यात मात्र दोन दिवसही कमी पडतात. ओलसर फिल्टर लावून मशीन चालवलं की कुबट वास सुटतो, धुळीचा चिखल होतो आणि मोटरवर ताण येतो. म्हणून डब्याचं मशीन घेताना त्याच दिवशी एक जादा फिल्टर घ्या. आणि सगळेच हेपा (अतिबारीक धूळ अडवणारे) फिल्टर धुता येत नाहीत. काही फक्त झटकायचे आणि ठरावीक काळाने बदलायचे असतात. ते पुस्तिकेत पाहून घ्या.

डब्याच्या बाजूने बोलण्यासारखंही पुष्कळ आहे. रोज रिकामा करता येतो, म्हणून वास साचत नाही. घरात कुत्रा-मांजर असेल तर हा मोठा फायदा, कारण केसांनी बॅग बघता बघता भरते. डबा पारदर्शक असल्याने कानातल्याची फिरकी किंवा मंगळसूत्रातला मणी ओढला गेला तर लगेच दिसतो. मात्र विदर्भात अजून पुष्कळ घरांत कापसाच्या गाद्या आहेत, आणि त्यांचा तंतू डब्याच्या मधल्या जाळीला गुंडाळून बसतो. तो बोटांनी सोडवावा लागतो. बॅगेत तो गुमान आत जातो.

रिकामं कोण करणार?

बहुतेक घरांत मशीन एकजण विकत घेतो आणि डबा दुसरंच कुणी रिकामा करतं. आई, सासूबाई, किंवा कामाला येणाऱ्या मावशी. डबा उघडला की धुळीचा लोट उठतो, आणि ती धूळ साधी नसते. गादीतल्या माइट्सची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांची, विष्ठा तिच्यात असते, आणि ॲलर्जीचं ते एक प्रमुख कारण आहे. माइट्सना दमट हवा मानवते. आपला उन्हाळा कोरडा असला तरी कूलर लावलेली खोली दमट असते, तेव्हा ते आपल्याकडे नसतीलच असं समजू नका. घरच्या माणसाची ॲलर्जी सांभाळायची आणि तीच धूळ मावशींच्या तोंडावर उडवायची, हे मला पटत नाही. डबा घ्यायचा तर रिकामा करण्याची रीतही सगळ्यांना शिकवायला हवी: नाकाला रुमाल किंवा मास्क, गच्चीवर किंवा गॅलरीत, वारा पाठीशी. डब्याचं तोंड मोठ्या पिशवीत खोल घालायचं, पिशवीचं तोंड भोवतीने आवळायचं, मग बटण दाबायचं आणि धूळ बसेपर्यंत मिनिटभर थांबायचं. फ्लॅटला गॅलरी नाही, गच्चीला कुलूप, अशी स्थिती असेल तर मी बॅगेकडेच झुकेन.

हेपाचंही इथेच सांगतो. हेपा फिल्टर म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा, अशी अमेरिकी व्याख्या आहे. खोक्यावर "हेपा टाईप" लिहिलं असेल तर ही हमी नसते. आणि फिल्टर अस्सल असूनही मशीनच्या फटीतून हवा गळत असेल तर उपयोग शून्य. मशीन चालू असताना खोलीत धुळीचा वास येत असेल तर धूळ परत बाहेर पडते आहे, हे समजून घ्या. ॲलर्जीवाल्या घराने पूर्ण सीलबंद मशीनच मागावं. नुसत्या व्हॅक्यूमवर विसंबूनही राहू नये: चादरी ६० अंशांच्या गरम पाण्यात धुणं आणि गाद्यांना कडक ऊन देणं याला पर्याय नाही. उन्हाची तर आपल्याकडे कमी नाही.

खर्च

डबा स्वस्त पडतो असं सरसकट म्हटलं जातं. हिशेब करून बघा. एका बॅगेची किंमत गुणिले वर्षात लागणाऱ्या बॅगा एका बाजूला. फिल्टरची किंमत भागिले तो टिकेल ती वर्षं दुसऱ्या बाजूला. जमीन झाडूने झाडणाऱ्या घरात बॅग परदेशातल्या गालिचेवाल्या घरापेक्षा बरीच जास्त टिकते, त्यामुळे फरक वाटतो तेवढा राहत नाही. रोज अख्खं घर व्हॅक्यूमने काढणार असाल, तर मात्र डबा नक्कीच परवडतो. कचऱ्याच्या दृष्टीने डबा बरा, कारण कृत्रिम बॅग कुजत नाही आणि घंटागाडीतून शेवटी भांडेवाडीच्या कचरा डेपोलाच जाते.

वॅटच्या मागे लागू नका. तो आकडा मशीन किती वीज खातं ते सांगतो, किती ओढतं ते नाही. युरोपात २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूमला ९०० वॅटपेक्षा कमीची मर्यादा आली, तरी तिथली घरं स्वच्छच राहिली. आपल्याकडच्या ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॅटचा भार बसतो. त्याहून मोठं मशीन घेतलं तर प्रत्येक खोलीत १६ अँपिअरचा प्लग आहे का, ते आधी बघा.

बिनवायरची मशीनं जवळपास सगळी डब्याचीच असतात, तिथे निवडीचा प्रश्न येत नाही. स्वतः रिकाम्या होणाऱ्या बहुतेक रोबो व्हॅक्यूमच्या चार्जिंग स्टँडमध्ये मात्र टाकाऊ बॅग असते. "बॅगची कटकट नाही" म्हणून रोबो घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग घ्यायचं काय?

घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा माणूस: टाकाऊ, तोंड बंद होणाऱ्या बॅगेचं सीलबंद मशीन, दुसरा विचार नको. पाळीव प्राणी आहेत, गच्ची-अंगण आहे, आणि फिल्टर धुण्याचा कंटाळा नाही: डबा, शक्यतो दुहेरी सायक्लोनचा, म्हणजे शंकूंची दुसरी रांग असलेला. भाड्याच्या घरात राहणारी, शिकणारी किंवा एकटी नोकरी करणारी मंडळी, ज्यांना बॅगा शोधत फिरायला वेळ नाही: डबाच. आई-बाबा दोघंच घरी, गुडघे दुखतात, वाकून जाळी सोडवणं जमत नाही: बॅग, आणि वर्षभराच्या बॅगा मुलांनी आणून ठेवाव्यात.

घराचं रंगकाम किंवा तोडफोड चालू असेल तर यातलं कुठलंच मशीन काढू नका. पीओपी आणि सिमेंटची भुकटी दोघांनाही मारते. त्यासाठी ड्रमचं, ओलं-सुकं दोन्ही ओढणारं मशीन वेगळं मिळतं, ते भाड्याने किंवा ठेकेदाराकडून घ्या. दिवाळीतली रांगोळी आधी झाडूने भरा. धुपाची, उदबत्तीची राख गरम असताना कधीही ओढू नका; आत निखारा गेला तर बॅगही पेटू शकते.

सीताबर्डीत किंवा सदरमध्ये दुकानात जाल तेव्हा काळ्या कापडावर धूळ ओढून दाखवण्यात फार वेळ घालवू देऊ नका. ते प्रत्येक मशीन करतं. "आता हे माझ्यासमोर रिकामं करून दाखवा," म्हणा. डबा किती घट्ट बसतो, फिल्टर एका हाताने निघतो का, तंतू कुठे अडकतो, ते बघा. बॅगेचं घेणार असाल तर आधी बॅग मागा. दुकानात ती असली पाहिजे, किंवा ऑनलाइन त्याच मॉडेलच्या नावाने सहज मिळाली पाहिजे. "मागवून देतो" एवढंच उत्तर आलं, तर ते मॉडेल सोडून पुढचं बघा.