लाकडी पांगुळगाडा घ्यावा का? आमचा आठ महिन्यांचा अनुभव

लेक दहा महिन्यांची असताना सावंतवाडीला गेलो होतो, तिथल्या चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकानं बघता बघता तीन चाकांचा पांगुळगाडा घेतला, साडेपाचशे रुपयांना. आता ती दीड वर्षाची आहे, गाडा अजून रोज वापरात आहे म्हणून लिहितेय.

रंगीत गाडे दिसायला फार गोड होते पण आमची बाई जे हातात येईल ते आधी तोंडात घालते, आणि रंग कसला आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी बिनरंगाचाच मागितला. दांडीची एक कड खरखरीत होती, घरी आल्यावर पॉलिश पेपर मारला. मोठी अडचण म्हणजे टाइल्सवर गाडा सुळकन पुढे पळतो आणि मूल मागे लोंबकळतं. सासऱ्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चाकांना चिकटवल्या आणि खालच्या फळीवर दोन किलो तांदळाची पिशवी बांधली, मग कुठे तो तिच्या वेगाने चालायला लागला. ब्रेक नसतो, त्यामुळे जिना किंवा उतार असेल तर डोळ्यात तेल घालून बसावं लागतं.

बसायचा वॉकर घे असं खूप जणांनी सांगितलं, मी ठाम नाही म्हटलं. त्यात मूल झोळीत बसून नुसतं चवड्यांनी ढकलत राहतं, तोल सांभाळायला शिकतच नाही, आणि क्षणात जिन्यापाशी नाहीतर गॅसपाशी पोचतं. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. पांगुळगाड्यात निदान मूल स्वतःच्या पायावर उभं असतं आणि नको वाटलं की सोडून खाली बसतं.

आता खरं सांगायचं ते. गाडा आणला म्हणजे पोर आठवड्यात चालेल असं मला वाटलं होतं. पहिले पंधरा दिवस तिने तो ढकललाच नाही, उलटा करून चाक फिरवायची, थांबवायची, परत फिरवायची, आणि शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा आला की हाच गाडा घेऊन धाडकन भिंतीवर, पडला, हसला, परत सुरू. आजी म्हणायच्या, "अगो, तुझा नवरा ह्या वयात धावत होता." मला रात्री झोप लागेना. लसीकरणाला गेलो तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की WHOच्या अभ्यासात, ज्यात भारतातली मुलंही होती, एकट्याने चालायचा काळ साधारण ८ ते साडेसतरा महिने इतका लांबरुंद निघालाय आणि काही मुलं तर रांगतच नाहीत. अठरा महिने झाले तरी चालत नसेल किंवा येत असलेलं काही करायचं बंद झालं तर मात्र थांबू नका, दाखवायला या, असंही म्हणाले.

त्यानंतर मी तिच्याकडे नीट बघायला लागले. ती घाबरट नाहीये, तिला आधी सगळं तपासून घ्यायचं असतं. उंबरठा आला की थांबते, खाली वाकून बघते, मग पुढचं चाक उचलायचा प्रयत्न करते. तेरा महिन्यांची झाल्यावर गाड्यात वाटी, कांदा, बाबाचा एक मोजा असं सामान भरून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या सुरू झाल्या, आणि साडेचौदाव्या महिन्यात एक दिवस कांदा हातात घेतला, गाडा तिथेच सोडला आणि चार पावलं चालत माझ्याकडे आली! मी रडलेच. आत्तेभाऊ रडत होता तेव्हा आपला गाडा ढकलत त्याच्यापुढे नेऊन ठेवला, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तर घ्या, नक्की घ्या, पण मूल धरून धरून उभं राहायला लागल्यावरच घ्या आणि लवकर चालावं म्हणून घेऊ नका. दांडी साधारण दीड फूट उंच असावी, तिन्ही चाकं दुकानातच जमिनीवर फिरवून बघा, आमच्या गाड्याचं एक चाक दोन महिन्यांत सैल झालं आणि सुताराकडून खुंटी बदलून घ्यावी लागली.

सध्या तिची बाहुली चालायला शिकतेय. बाहुलीचे हात दांडीवर ठेवते, स्वतः मागे बसते आणि म्हणते, "ताल, ताल."